शीग मोडू नको

बाबांच्या त्या पाठाला आमच्या घरात आरती म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. समोर नवा माणूस बसला आणि त्याच्या हातात चहाचा कप आला की ती सुरू होते. आजोबा नरपडचे नावाजलेले तांडेल, त्यांची होडी पाण्यात लोटल्याशिवाय बाकीचे लोटत नसत. काका गावातले पहिले मॅट्रिक. आत्याचा मुलगा मर्चंट नेव्हीत. तो सध्या कुठल्या समुद्रात आहे हेही बाबा सांगतात, जहाजाच्या नावासकट. चुलतभावाची मुलगी वापीला दातांची डॉक्टर. मग माझ्यापाशी येऊन आवाज जरा उतरतो, कारण मी डहाणूत एका कार्यालयात कारकून आहे. ‘हा इथेच असतो,’ एवढंच म्हणतात. खोटं कशाला बोलू, ती आरती मलाही आवडते. आपण कोणाचे आहोत हे कोणीतरी मोठ्याने सांगावं असं कोणाला वाटत नाही?

पण त्या दिवशी मला ती नको होती. माझी मुलगी तलासरीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. तिथेच तिची झरीच्या एका मुलाशी ओळख झाली. मुलगा शिक्षक, घर शेतकऱ्यांचं. आम्ही समुद्राकाठचे, ते आतल्या टेकड्यांमधले. दोन्हीकडे असं लग्न कोणी केलेलं नाही. मुलगा तिला म्हणाला होता, ‘माझ्या आजीने हो म्हटलं की घर हो म्हणेल.’ त्या आजीला भेटायला आम्ही निघालो होतो.

‘पप्पा, आजोबांना आवरा,’ मुलीने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं. ‘ती साधी माणसं आहेत. त्यांना वाटेल आपण त्यांना कमी लेखतोय.’

बाबांना आवरायचं म्हणजे भरतीला आवरायचं. तरी मी हो म्हटलं आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

आईचं वेगळंच. तिला यायचंच नव्हतं. आधी म्हणाली गुडघे दुखतात, मग म्हणाली घर उघडं टाकून कसं यायचं. नातीचं लग्न ठरायचंय आणि ही घराला कुलूप लावायला तयार नाही, म्हणून मी चिडलो. शेवटी आली, पण पदर कपाळापर्यंत ओढून. ईको गाडी बोर्डीवरून आत वळली, चिकूच्या वाड्या संपल्या, चढ लागला, तशी ती आणखीनच गप्प झाली. मला वाटलं, गाडी लागली असेल.

घर चढावर होतं. कौलारू, समोर सारवलेलं अंगण, एका कोपऱ्यात झोडपलेल्या भाताचा पेंढा रचलेला. मुलाच्या वडिलांनी आम्हाला ओट्यावर खुर्च्या दिल्या. मुलाची आजी खाली चटईवर बसली, आई तिच्यापासून लांब, खांबाआड. चहा आला, बिस्किटं आली. बाबांनी कप हातात घेतला आणि माझा पाय हलायला लागला.

‘आमचे वडील नरपडचे तांडेल,’ बाबांनी सुरुवात केली.

मी खोकलो. पुन्हा खोकलो. जहाज येऊन गेलं, दातांची डॉक्टर येऊन गेली. मुलाचे वडील मान डोलावत होते, पण त्यांचं लक्ष अंगणातल्या कोंबडीकडे होतं. तलासरीहून परस्पर आलेली माझी मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या नजरेला नजर देणं मला जमेना.

आरती संपल्यावर आजी पहिल्यांदा बोलली. ‘नरपडची एक बाई यायची आमच्याकडं. दिवाळी झाली का यायची. डोक्यावर पाटी, पाटीत सुकं मावरं, बोंबील नि सोडे. आम्ही भात द्यायचो, ती मावरं द्यायची. दुपारची इथंच टेकायची, माझ्या हातची नागलीची भाकर खायची. माझा हा पोरगा तापानं फणफणला व्हता, तवा त्याला मांडीवर घेऊन बसली व्हती, बाजार बुडवून.’ ती मुलाच्या वडिलांकडे पाहून हसली. ‘नातू म्हणाला मुलगी नरपडची, तवाच मी मनात हो म्हटलं. त्या गावची माणसं मला ठाऊक हायत.’

मी खांबाआड बसलेल्या आईकडे पाहिलं. लहानपणी दिवाळीनंतर आई पहाटेच पाटी उचलून जायची आणि परत यायची तेव्हा पाटीत भात असायचं. कुठे जायची, ते मी कधी विचारलं नव्हतं. बाबांनी इंजिनाची बोट घेतली तशी पाटी माळ्यावर गेली, आणि पाटीची गोष्टसुद्धा.

‘ती दुसरी कोणी असेल,’ बाबा म्हणाले. ‘आमच्या घरातली बाई कधी पाटी घेऊन दारोदार फिरली नाही. आमची स्वतःची बोट होती.’

आमच्यात हा फरक मोठा आहे. बाजारात बसून मासळी विकणं मानाचं. पाटी घेऊन परक्याच्या दारात उभं राहणं म्हणजे घरच्या पुरुषाला समुद्र पावला नाही असं. बाहेरच्याला यातलं काही कळायचं नाही. आजीला एवढंच कळलं की जिच्यावरून तिने आम्हाला ओळखलं होतं, तिच्याशी आमचं काही नातं नाही, आणि असावं असं आम्हाला वाटतही नाही. तिचा चेहरा मिटला.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. ‘आम्ही विचार करून कळवतो,’ ते म्हणाले.

मला बाबांचा राग आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने खांबाआडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. एवढी वर्षं त्यांची आब राखली, ती आज तू घालवू नकोस, असं ती नजर म्हणत होती. आणि दारातली माझी मुलगी रडू आवरत होती. या दोघींच्या मधे मी ठोंब्यासारखा बसून राहिलो.

बाबा उठले, अंगणात जाऊन चपला शोधू लागले. आजी मात्र आत गेली. रागावली तरी आल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायची त्या घराची रीत नव्हती. ती नव्या तांदळाने भरलेलं सूप आणि मापाची लोखंडी पायली घेऊन आली. आईने पिशवी उघडून धरली. आजीने पायली भरली. वर तांदळाची निमुळती रास राहिली. ती हाताने सपाट करायला गेली.

‘शीग मोडू नको, बाय,’ आई म्हणाली.

मापावरच्या त्या राशीला शीग म्हणतात. मावरं देऊन भात घेणाऱ्या बायकांचा सगळा जीव त्या शिगेत असायचा. आईच्या तोंडून ते निसटलं की तिने जाणून म्हटलं, मला आजही माहीत नाही. विचारलं तर सांगत नाही.

आजीचा हात राशीवरच थांबला. मग तिने तोच हात पुढे करून आईचा पदर मागे सारला.

‘तूच गं,’ ती म्हणाली. ‘दर वेळेला शिगेवरून भांडायचीस.’

‘तू दर वेळेला मोडायचीस,’ आई म्हणाली.

आजीने शीग मोडली नाही, वर आणखी ओंजळ घातली. मुलाचे वडील खाली वाकून आईच्या पाया पडले. बाबा अंगणात एक चप्पल पायात, एक हातात, असे उभे होते. कळवायचं आता काही राहिलं नव्हतं.

परतताना उतारावर बाबा काचेबाहेर बघत होते. मग मागे न वळता म्हणाले, ‘या चढावरून चालत यायचीस?’

‘मग काय?’ आई म्हणाली. ‘तुमची बोट येत होती का इथवर?’

साखरपुडा आमच्या अंगणात झाला. झरीची माणसं आली, आमची सगळी भावकी आली. पंगत बसली आणि बाबा उभे राहिले. माझा पाय हलायला लागला. तांडेल झाले, काका झाले, जहाज झालं. मग ते अडखळले आणि आईकडे हात करून म्हणाले, ‘आणि ही. हिने पाटीवर आमचं घर चालवलं.’

भावकीत कुजबूज झाली. मला वाटलं, आता ते पुढे सांगतील. भाच्याचं जहाज कुठल्या बंदरात आहे हे ज्यांना तोंडपाठ, ते तिच्याबद्दल शब्द शोधत उभे राहिले. वाट कुठली, पाटी केवढी, पहाटे किती वाजता निघायची, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

‘पुढचं तूच सांग,’ ते शेवटी तिला म्हणाले.

आई वाढत होती. तिने मान वर केली नाही.

‘बसा खाली,’ ती म्हणाली. ‘भात निवतोय.’