मेंढरांमागं गेलेल्या मावशींचा रक्तनमुना

मी शिकले लॅब टेक्निशियनचं, पण हातात सुई दिसली की आपल्याकडं बाई सिस्टरच ठरते. धाराशिव जिल्ह्यात लिव्हरच्या आजारांवरच्या एका अभ्यासात मला काम मिळालं, तेव्हा सुरुवातीला मी ज्याला त्याला सांगायचे, "मी सिस्टर नाही हो." पंधरा दिवसांत ते सोडून दिलं.

अभ्यास सी प्रकारच्या काविळीवर होता. ही कावीळ मोठी लबाड. बहुतेकांचे डोळे पिवळे होत नाहीत, माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करत राहतो आणि आत लिव्हर खराब होत जातं. औषध मात्र आता चांगलं आहे, तीन महिने रोज एक गोळी. आम्हाला बघायचं होतं ते एवढंच, की या औषधासाठी माणसानं मोठ्या दवाखान्यात खेटे घातलेच पाहिजेत, का गावच्या उपकेंद्रातच गोळ्या दिल्या आणि तिथंच रक्त तपासायला घेतलं, तरी तो तितकाच बरा होतो. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडम आठवड्यातून एकदा यायच्या. बाकीचे दिवस स्कूटी, थंड पेटी आणि मी.

मावशी मला येडशीजवळच्या एका उपकेंद्रात भेटल्या. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, आवाज असा की अर्ध्या माळावर ऐकू जावा. मेंढरं राखणारं घर. गुडघा दुखतो म्हणून आल्या होत्या. तिथं येणाऱ्या सगळ्यांचीच आम्ही तपासणी करत होतो, तशी त्यांचीही केली. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, तर पट्टीवर दोन रेघा उमटल्या. पुढच्या तपासणीत आजार पक्का झाला.

अभ्यासात घ्यायचं तर संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं. ते शहरात कुणीतरी बसून लिहिलेलं. मी वाचायला लागले, "सदर संशोधनात आपल्या यकृताच्या स्थितीचे मूल्यमापन..."

"थांबा. येकरुत म्हंजी काय?"

"लिव्हर."

"लिवर म्हंजी?"

मी उजव्या बरगड्यांखाली हात ठेवून दाखवला.

"मंग काळीज म्हना की!" मावशी म्हणाल्या. पुस्तकात काळीज म्हणजे हृदय, पण मेंढरं कापून बघितलेल्या माणसाचं काळीज वेगळं असतं. त्या सांगायला लागल्या, "मेंढराच्या काळजात पानावानी चपटं किडं व्हतात. दलदलीतलं गवात खाल्लं की व्हतात. मेंढी चरती, हिंडती, कळपात चांगली दिसती. मंग गळ्याखाली पानी उतरतंय, थैली लोंबल्यावानी. आन एक दिवस बसती ती उटतच न्हाय."

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "तुमच्या आजारात किडे नाहीत मावशी, डोळ्यांना दिसणार नाही असा बारीक जंतू आहे. बाकी सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. वरून माणूस चांगला दिसतो."

"मंग हे आदी सांगायचं. इतकं वाचीत बसलाव."

त्या दिवसापासून मी मेंढीची गोष्ट सगळ्यांना सांगायला लागले. मॅडमनी एकदा दारात उभं राहून ती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच एका म्हाताऱ्या बाबांना सांगितली, माझ्याहून रंगवून.

संमतीपत्रात शेवटी एक ओळ होती. वाटेल तेव्हा अभ्यास सोडायची मोकळीक आहे, कुणी जाब विचारणार नाही. ती वाचल्यावर मावशी म्हणाल्या, "सोडायचं आसंल तर धरू कशाला?" मी शाईचा डबा पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. "सही येती मला." जिभेचं टोक दातांत धरून त्यांनी एकेक अक्षर असं काही काढलं, की रांगेतली माणसं उठून बघायला आली.

पावसाळ्याचे ते तीन महिने मावशींचा कळप गावाजवळच्या माळावरच होता, त्यामुळं गोळ्यांची काही अडचण आली नाही. सकाळी मेंढरं मोजून झाली की गोळी, असा त्यांचा नेम. मी दर खेपेला बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायचे, तो माझ्या कामाचाच भाग होता. एकदाही हिशोब चुकला नाही. मी कौतुक केलं, तर त्यांना रागच आला. "इतकी मेंढरं रोज मोजती म्या, एक गोळी इसरीन व्हय?"

पण गोळ्या संपल्या म्हणजे काम संपलं असं नसतं. औषध चालू असताना जंतू दबलेला असतो. तो खरंच गेला का, हे औषध थांबवल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासलं तरच कळतं. ती तपासणी झाली नाही, तर त्या माणसापुढं काहीच लिहिता येत नाही. बरा झाला असंही नाही आणि नाही झाला असंही नाही.

दिवाळी झाली आणि मावशींचा कळप चाऱ्यासाठी खाली उतरला. माझ्याकडं त्यांच्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, फोन नंबर होता. "तारीख आली की आम्ही फोन करू," असं सांगून मी निर्धास्त झाले. कुठल्या वाटेनं जाणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. चूक माझीच.

माघात तारीख आली. फोन बंद. आठ दिवस रोज लावला, रोज बंद. बाकीची सगळी मंडळी एकेक करून येऊन रक्त देऊन गेली. मॅडमचा फोन आला.

"कोण राहिलंय?"

"मेंढरंवाल्या मावशी तेवढ्या."

"त्या बऱ्या झाल्याच असतील ग. पण 'असतील' लिहायला आपल्या फॉर्मवर रकाना नाही."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटी काढली. गावात मावशींच्या थोरल्या दिरांनी सांगितलं, "जळकोटच्या अंगाला गेल्यात." जळकोट म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. दुपारी हायवेवरच्या एका हॉटेलात पोचले तेव्हा केसांत इतकी धूळ होती की मला मीच ओळखू आले नसते. हॉटेलवाले एका गिऱ्हाईकाशी कानडीत बोलत होते. मी मेंढरांचं विचारताच माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "आधी पाणी प्या ताई. मेंढरं मागच्या रानात बसलीत, कुठं पळून जात नाहीत."

मी पाणीही अर्धवट टाकून मागच्या रानात धावले. मेंढरं होती, पण मावशी नव्हत्या. कळप दुसऱ्याच घराचा. तिथल्या बाई चुलीपाशी भाकरी करत होत्या. माझी सगळी हकिगत त्यांनी ऐकून घेतली, मग पोट धरून हसल्या.

"बिऱ्हाड वाहनारी आमची घोडी तांबडी. त्येंची पांढरी. लांबनंच कळतंय की! त्ये ढोकीकडं हायत, ऊस तुटलेल्या रानात. ह्यांला परवा बाजारात गाठ पडली व्हती."

मी आठ दिवस ज्यांना फोन लावत होते, त्यांचा पत्ता या बाईंना बसल्या जागी ठाऊक होता. त्यांनी मला भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, आणि पांढरी घोडी विसरू नका म्हणून दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी ढोकी. कारखाना जोरात चालू होता. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावरून डुलत चालले होते. मी दिसेल त्याला विचारत होते, "पांढरी घोडी बघितली का?" एकानं विचारलं, "लग्नाला पाहिजे का?" शेवटी कालव्याच्या पलीकडं, नुकत्याच तुटलेल्या फडात, मला ती दिसली. मान खाली घालून उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाढं खात उभी होती. आजूबाजूला मेंढरं पसरलेली. कुत्रं भुंकत अंगावर आलं आणि त्याच्या मागून तो आवाज आला.

"अगं आई! सिस्टर! कुनाचं काय झालं?"

"कुणाचं काही नाही. तुमचं रक्त राहिलंय मावशी!"

त्या हसायलाच लागल्या. फोन महिनाभरापूर्वी विहिरीत पडला होता. पाणी शेंदताना मालकांच्या खिशातून निसटला.

"तारीख म्हाईत व्हती मला," मावशी म्हणाल्या. "पर तुमी म्हनला व्हताव, आमी फोन करू. मी आपली वाट बगत ऱ्हायले. हिरीत वाजला आसंल."

मालक काही मेंढरं घेऊन लांब गेले होते. मावशींनी घोंगडी अंथरली, बाही वर केली. शीर पहिल्या झटक्यात मिळाली. नळ्या भरल्या, नावाची चिठ्ठी लावली, पेटीत ठेवल्या, फॉर्मवर मावशींची सही घेतली. एवढं सगळं नीट झालं, आणि मागं वळून बघते तर एक कोकरू फॉर्मचं पान खात होतं. ओढून काढेपर्यंत खालचा कोपरा गेला.

"खाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "सही वर हाय."

मग चहा झाला. फुंकर मारत त्यांनी विचारलं, "तुमी रोज सुया घिऊन हिंडताव. तुमास्नी न्हाय का व्हत ही कावीळ?"

"काळजी घ्यावी लागते. या काविळीला लस नाही. बी नावाची दुसरी एक आहे, तिला असते. तिचे तीन डोस घ्यायचे."

"घेतलं का?"

मी चहाच्या कपात बघितलं. "दोन घेतले."

"आन तिसरं?"

"राहिलंय."

"कवाधरनं?"

"दोन वर्षं झाली असतील."

मावशींनी कप खाली ठेवला. "आन मला हुडकीत दोन दिस हिंडलाव?" त्या इतक्या हसल्या की घोडीनं मान वर केली. मी त्याच सोमवारी तिसरा डोस घेतला. टोचणाऱ्या मैत्रिणीनं आता अचानक का आठवलं म्हणून विचारलं, तिला काही सांगितलं नाही.

रक्त ठरलेल्या वेळेत लॅबमध्ये पोचवायचं होतं. ढोकीच्या रस्त्यावर पुढं ट्रॅक्टर, त्याच्यापुढं ट्रॅक्टर. मी हॉर्न वाजवून थकले. शेवटी एका ड्रायव्हरनं पेटीवरचं लाल चिन्ह बघून ट्रॅक्टर कडेला घेतला आणि हात करून पुढच्यालाही घ्यायला लावला. लॅबमध्ये पोचले तेव्हा वेळ शिल्लक होती. फॉर्मचं मात्र लेखी कारण द्यावं लागलं. मी लिहिलं, "पानाचा उजवा खालचा कोपरा कोकराने खाल्ला." मॅडमनी ते दोनदा वाचलं, चेहरा अगदी गंभीर ठेवला आणि खाली सही केली.

दहा दिवसांनी निकाल आला. या वेळी पुढचा मुक्काम मी नीट विचारून ठेवला होता, म्हणून थेट तिथं गेले. त्या दिवशी मालकही तळावर होते. कमी बोलणारे, उंच गृहस्थ. मी कागद वाचला, "विषाणू आढळला नाही."

मला वाटलं मावशी खूश होतील. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"आडळला न्हाय म्हंजी? सापडला न्हाय, का न्हाईच?"

"म्हणजे... यंत्राला सापडला नाही."

"तुमास्नी म्या बी सापडत नव्हते. म्हंजी म्या नव्हते व्हय?"

याआधी कितीजणांना मी हे शब्द वाचून दाखवले होते, कुणी असं विचारलं नव्हतं. मी मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मॅडम म्हणाल्या, "मावशी, हे यंत्र लई बारीक हुडकतं. औषध थांबून तीन महिने झाले, जंतू राहिला असता तर एव्हाना वाढून वर आला असता. गेला तो. बऱ्या झालात तुम्ही. आता लिव्हर अधूनमधून दाखवत जा, बास."

मॅडमच्या तोंडून 'लई' आणि 'हुडकतं' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. मग एकदम मालकांकडं वळल्या. "बसा हितं. सिस्टर, सुई आनली का? ह्येंचं बगा."

मालक उठून उभे राहिले. "मला काय झालंय? मेंढरं बगून येतो."

"मेंढरं हायत तितंच. बसा."

अवघड मेंढीचं बाळंतपण स्वतःच्या हातानं करणारा तो माणूस घोंगडीवर बसला, हात माझ्यापुढं केला आणि तोंड पार दुसरीकडं फिरवून डोळे गच्च मिटले. कपाळावर घाम आला होता.

"झालं का?"

"मामा, अजून पाकीट पण फोडलं नाही."

मावशींनी त्यांचा दुसरा हात धरला. चेष्टा केली नाही, नुसता धरून ठेवला. मी बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. ती वीस मिनिटं आम्ही दोघी त्या पट्टीकडं बघत बसलो. एकच रेघ उमटली, दुसरी आलीच नाही. तळावरच्या त्यांच्या जावेचीही पट्टी शेजारी ठेवली होती, तिच्यावरही एकच रेघ. मामांनी एक डोळा उघडून विचारलं, "एक रेग म्हंजी चांगलं का वाईट?" चांगलं, म्हटल्यावर ते ताडकन उठले आणि म्हणाले, "मला ठावंच व्हतं," आणि घोडीला पाणी दाखवायला गेले.