पावसासाठी धरलेलं मौन

पारनेरच्या स्टँडवर वडिलांनी, आमच्या दादांनी, माझी वळकटी एसटीच्या टपावर चढवली आणि म्हणाले, "गानं-बिनं कर, पन आदी पोटाचं बघ." सत्तर साल होतं. नगरच्या बोर्डिंगात इंग्रजी गाणी शिकलो होतो, आवाज खणखणीत होता. मुंबईत आपण कोणीतरी होणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

एका हॉटेलातल्या बँडमध्ये गायला लागलो. विजेची गिटार, कान फुटतील असे ड्रम आणि त्यावर माझं किंचाळणं. हल्लीची पोरं त्याला मेटल म्हणतात. आम्ही नुसतं 'हेवी' म्हणायचो. गिटारवाला रॉनी मला उताणं झोपवून पोटावर जाडजूड पुस्तक ठेवायचा. श्वासाबरोबर ते वर आलं पाहिजे, जोर पोटाचा, गळा मोकळा. मिठाच्या गुळण्या, वाफारा, बर्फ बंद, सिगारेट बंद. सगळं पाळलं. पण माइक फुटका, ड्रमच्या वर निघायचं तर नरडं ताणावंच लागे. दोन वर्षांत घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी बजावलं, आत गाठी आल्यात. महिनाभर अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. नाहीतर गाणं विसरा.

मुंबईत मुक्यानं खाणार काय? गावी आलो. पाटीवर लिहून दादांना सगळं सांगितलं. त्यांनी वाचलं आणि पाटी पुसून टाकली. दुष्काळाचं साल, सगळं गाव खडी फोडायला जात होतं. पोरगं हॉटेलात ओरडून गळा घालवून आलं, हे चारचौघांत सांगणार कसं? कामावर कुणीतरी विचारलं, तेव्हा दादा बोलून गेले, "पावसासाठी मौन धरलंय त्यानं."

झालं! खडीवर निघालेल्या बाया दारात थांबून मला हात जोडायला लागल्या. ज्यांच्या घरी सरकारी सुकडीवर दिवस निघत होता, त्यांनी माझ्यापुढे नारळ ठेवले. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. आणि एखाद्या दुपारी मलाच वाटायचं, कोण जाणे, येईलही पाऊस.

महिना सरला. आता हळूच गुणगुणून बघायचं होतं. आईनं हात धरला. "इतक्यात बोलू नगंस रं. लोकान्ला लई आशा लागलीया."

मी लांब, कोरड्या ओढ्यात जाऊन तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा केलं. हवाच. घरी परतलो तर मी अजून गप्पच आहे हे बघून आईचा जीव भांड्यात पडला.

मुंबईत परतलो तोवर रॉनीनं दुसरा गायक घेतला होता. डॉक्टरांनीही हात टेकले. मी छापखान्यात लागलो. तिथं यंत्रांच्या खडखडाटात सगळेच खुणांनी बोलतात, त्यामुळे माझं भागतं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. दिवाळीच्या सुमारास गावचा एकजण खोलीवर आला, आईचा निरोप घेऊन. "गावात म्हंत्यात, पोरगं मुंबईला जाऊन बोललं, म्हनून पावसानं पाठ फिरवली. तवा तू सध्या येऊ नगंस. दादांना लोकं टोचून खात्यात."

मी गेलो नाही. पुढे पाऊस आला, दादा गेले, तरी गेलो नाही. गाव सोडलेले तुम्ही सगळे घर म्हटलं की चूल, विहीर, काय काय सांगता. माझं घर म्हणजे ती जागा, जिथं अजूनही सगळ्यांना वाटतं की मला बोलता येतं.