इस्पितळाच्या पुलावरची हातगाडी

...आणि चाक निखळलं की खोळंबाशेठ भर रस्त्यात फतकल मारून रडायला बसायचा, इथवर काल आलो होतो ना? पण काल तुमच्यातले निम्मे पेंगत होते, म्हणून थोडं मागून घेतो.

खोळंबाशेठ आमच्या शेजारच्या खोलीतला. गाड्या अडकल्या की त्यांच्यामधून पाण्याच्या बाटल्या विकत फिरायचा, म्हणून हे नाव. खोलीत माणसं दोनच, हा आणि थोरली बहीण अक्का. आईबापांमागे तिनंच याला वाढवलं, त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. संध्याकाळी ती आत भाजी चिरायची आणि हा उंबऱ्यात बसून मला शहरातल्या कोंड्या समजावायचा. आमच्या गावात बैल पारखायचे, तशा हा कोंड्या पारखायचा!

"बाजारातली कोंडी कोरडी, आजोबा. सगळ्यांच्या हातात पिशव्या, खिशात हात घालणार कोण? कचेऱ्यांकडची त्याहून भिकार. काचा वर, आत गारवा, आपल्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. शाळेजवळची बरी, पण पोरांना फुगे हवेत, पाणी नको."

"मग चांगली कुठली?"

"इस्पितळाच्या पुलावरची! घसा सुकलेला, जीव टांगणीला. घासाघीस नाही, सुटेसुद्धा परत मागत नाहीत."

"मेल्या, जीभ झडेल तुझी!" अक्का आतून ओरडायची आणि आम्ही तिघंही हसायचो.

पण ती कोंडी कधीकधी आपली आपण सुटायची, ते पुलावरच्या फेरीवाल्यांना परवडेना. म्हणून त्यांनी एक मोडकी हातगाडी ठेवली होती, दगडांनी भरलेली. गर्दी दाटली की ज्याची पाळी त्यानं ती पुलाच्या तोंडाशी न्यायची आणि चाकाची खीळ काढायची. चाक गळालं की गाडी आडवी! खीळ लगेच दुसऱ्याबरोबर पुलाच्या पार पलीकडे रवाना, म्हणजे पोलिसानं खिसे उलटे केले तरी सापडू नये. मग पाळीवाल्यानं रडायचं, बाकीच्यांनी विकायचं. रडण्यात खोळंबाशेठचा हात धरणारा कुणी नव्हता. "साहेब, बहीण मरायला टेकलीय हो, मलाच घाई आहे!" असा गळा काढायचा की शिव्या देणारे वरमायचे.

एका दुपारी भाजी चिरता चिरता अक्कानं छाती धरली. मी टॅक्सी आणली. वाटेत ती मलाच सांगतेय, "त्याला कळवू नका हं, धंद्याची वेळ आहे." पुलाशी टॅक्सी थांबली ती थांबलीच. मान बाहेर काढून बघतो तर पुढे हातगाडी आडवी, आणि शेजारी आमचा पठ्ठ्या गळा काढून, "बहीण मरायला टेकलीय हो!"

मी उतरलो, त्याची मानगूट धरली आणि तोंड टॅक्सीकडे वळवलं. रडं तिथल्या तिथं बंद. धावला हातगाडीकडे. पण खीळ पलीकडच्या टोकाला! चाक बसवून रेटावं की पुन्हा गळून पडायचं. मग त्यानं खरा आकांत मांडला. "उचला रे गाडी! माझी अक्का आहे टॅक्सीत!"

त्याचे सोबती पोट धरून हसले. "वा शेठ, आज तर खरं पाणी काढलंस डोळ्यांतून!" एकानं टाळ्या वाजवल्या. गाडीवाले म्हणाले, "रोजचंच सोंग आहे याचं." मी ओरडलो, तर म्हणतात, "आज म्हातारा भाड्यानं आणलाय!"

तो एकटा दगड उपसत राहिला. बोटं चेचली, नखं निघाली. अक्का काचेतून बघत होती. तिनं पाणी मागितलं. खिडकीशी त्याच्याच एका सोबत्यानं बाटली पुढे केली. मी नोट दिली आणि सुटे काही मागितले नाहीत. तो घोट तिच्या घशाखाली उतरलाच नाही.

पुढे थोड्याच दिवसांत त्या पुलावरून चाललो होतो, तर हा पुन्हा त्याच गाडीशी उभा! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, बाजारात जा, शाळेपाशी जा. लाज कशी वाटत नाही इथं उभं राहायला?"

खोळंबाशेठनं खीळ काढली, पलीकडे निघालेल्याच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाला, "कोंडी हीच चांगली, आजोबा. आणि या पुलावरून यायचं असं माझं आता उरलंय कोण?"