ऐकल्यापासून सुतक

लासूरकरांच्या भाऊबंदकीत कुणी गेलं, की पहिला फोन यमुनाआत्याला व्हायचा. मयत पुण्यात होवो, नागपुरात होवो, नाहीतर अमेरिकेत. आत्या भाजी निवडता निवडता ऐकायची, गेलेल्याचा आजा कोण, पणजा कोण, असं मनातल्या मनात वर चढत जायची आणि निकाल द्यायची, "तुम्हाला दहा दिवस. पैठणच्यांना तीन. अन् सिडकोतल्या त्या अनंताला नुसती आंघोळ. त्याला म्हणावं, उगाच दाढी वाढवून मिरवू नकोस."

सुतक कुणाला किती, हे तिच्याइतकं ठामपणे कुणालाच सांगता यायचं नाही, कारण कोण कुणाचा कितवा हे फक्त तिलाच ठाऊक होतं. श्रीनिवास तिच्या भावाचा मुलगा. तिच्या मांडीवर वाढलेला, बँकेत लागलेला आणि म्हातारपणी गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये तिला सांभाळणारा. सांभाळणारा हा शब्द त्याचा. आई लवकर गेलेल्या त्या घराला जन्मभर सांभाळलं होतं ते तिनं.

आत्याचं लग्न एकोणिसाव्या वर्षी सिल्लोडला झालं आणि आठ महिन्यांत ती माहेरी परत आली. का आली, हे तिनं सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. हिंमत झाली नाही म्हणा, नाहीतर विचारावं असं वाटलं नाही म्हणा. दोन्हींत फारसा फरक नाही. तिनं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी धरली. सुट्टी लागली की पिशवीत चार भाकरी घेऊन ती एसटीत बसायची आणि लासूरकरांचं एखादं लांबचं घर शोधून काढायची. ओट्यावर बसून पाणी प्यायची आणि विचारायची, "तुमच्या आजीचं माहेरचं नाव काय?" पुरुषमाणसं बिचकायची. वंशावळीत बायका कशाला, म्हणायची. "मग ही पोरं काय झाडाला लागली होती?" असं म्हणून आत्या ठाण मांडून बसायची. नाव मिळाल्याशिवाय ती उठली, असं कधी झालं नाही.

रविवारी ती जुन्या शहरात असायची. दलालवाडीतलं कुठलं घर कुणाचं होतं, गुलमंडीवर अत्तराचं पहिलं दुकान कुणाच्या आजानं टाकलं, नहरीचं, म्हणजे जुन्या भुयारी कालव्याचं, पाणी कुठल्या गल्लीतून फिरायचं, हे सगळं तिच्या जिभेवर. बेगमपुऱ्यातल्या हमीदाबींना त्यांच्या सासरच्या चार पिढ्या हिनंच जुळवून दिल्या होत्या. ईदला तिकडून शिरखुर्म्याचा डबा चुकत नसे. शहराचं नाव बदलण्यावरून घरात पाहुणे हमरीतुमरीवर आले, की ती म्हणायची, "आधी आपापल्या पणजीचं नाव सांगा, मग शहराचं बघू." पणजीचं नाव कुणाला येतंय?

अशी बाई घरात असल्याचा त्रासही होतो. तीन वर्षांपूर्वी स्वरालीचं, म्हणजे श्रीनिवासच्या एकुलत्या मुलीचं, लग्न ठरलं होतं. आदल्या दिवशी पैठणहून फोन आला, चुलतचुलत्यांपैकी एक गेले. श्रीनिवासनं तो उचलला. नातं सात पिढ्यांच्या आतलं, सुतक दहा दिवसांचं, हा हिशेब आत्याचाच. लग्न पुढं ढकललं आणि ढकललेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडूनच टाकलं. स्वराली कितीतरी महिने आत्याशी धड बोलत नव्हती. पण आत्या चिडली ती श्रीनिवासवर. "फोन उचललास कशाला? सुतक ऐकल्यापासून असतं. कळलंच नसतं तर लागलं नसतं! आधी मला कळवलं असतं तर अक्षता पडेपर्यंत मी तोंड उघडलं नसतं." नियम कुठं सैल आहे हे तिला पक्कं माहीत होतं आणि लेकीबाळींचं भलं होणार असेल तर तिथून वाट काढायला ती कचरत नसे.

यंदा वैशाखात स्वरालीचं पुन्हा जमलं. मुलगा जर्मनीत नोकरीला, रजा मोजकी. हा मुहूर्त हुकला तर पुढचं काही खरं नव्हतं, आणि मुलगी एकतिशीला आलेली. घरात रुखवताचे डबे भरले जात असताना एका सकाळी देवाची फुलं काढता काढता आत्या बाल्कनीत कोसळली. अर्धांगाचा झटका होता. दवाखान्यात तिला आयसीयूत ठेवलं. लग्नाच्या आदल्या दुपारी डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र निघेल असं वाटत नाही. तयारी ठेवा."

श्रीनिवास दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून लहान मुलासारखा रडला. आणि रडता रडताच त्याच्या डोक्यात गणित सुरू झालं. आत्याचं सासर सुटलेलं. तिचं सगळं आपल्याच घरून व्हायचं, सुतकही आपल्यालाच. स्वतःची किळस येत होती, पण गणित थांबेना. स्वरालीचा तीन वर्षांपूर्वीचा चेहरा त्याला दिसत होता.

घरी धुणंभांडी करणाऱ्या आशाबाई आपण होऊन दवाखान्यात बसायला तयार झाल्या होत्या. त्यांच्याकडं एकट्या श्रीनिवासचाच नंबर होता. त्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आशाबाई, आत्या गेल्या तर मला फोन करू नका. लग्न लागलं की मी स्वतः येतो." आशाबाईंनी मान डोलावली.

संध्याकाळी बीड बायपासच्या मंगल कार्यालयात सीमांतपूजन सुरू झालं. व्याह्यांचे पाय धुवायला श्रीनिवास वाकला आणि खिशातला फोन वाजला. आशाबाईंचं नाव. गेली. आत्या गेली. आणि एवढं बजावूनही या बाईनं फोन लावलाच! उचलला की कळलं, कळलं की सुतक. त्यानं आवाज बंद करून फोन परत खिशात सारला.

"कुणाचा हो?" निशानं विचारलं. निशा त्याची बायको. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा.

"केटरर," तो म्हणाला. तिनं पुढं विचारलं नाही, म्हणजे तिला समजलं असावं. दोघंही मग सगळ्यांशी जरा जास्तच हसून बोलत राहिले.

हसणं सोपं नव्हतं, कारण जो तो आत्यालाच विचारत होता. हा कुणाचा मुलगा, ती कुणाची सून, दोन्हीकडच्या माणसांना जोडून देणारी बाईच मांडवात नव्हती. "दवाखान्यात आहे, बरी आहे," श्रीनिवास सांगत राहिला. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपण मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खिशातला फोन थरथरत होता. हळद लावताना, देवक बसवताना, नवरदेव मांडवात येताना. आता या बाईला नोकरीवर ठेवायचं नाही, असंही त्यानं रागाच्या भरात ठरवून टाकलं. राग हवाच होता त्याला. त्याखाली रडू दाबता येत होतं. साडेबाराचा मुहूर्त. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, तरी फोन मांडीशी धडपडत होता. चौथ्या की पाचव्या मंगलाष्टकाला तो थांबला. श्रीनिवासला हायसं वाटलं. त्यानं मूठभर अक्षता लेकीच्या डोक्यावर टाकल्या.

कन्यादानाला गुरुजींनी गोत्र म्हटलं, पणजोबा, आजोबा, बाप अशी नावं घेतली आणि थांबले. "यमुनाबाईंनी बजावून ठेवलंय, स्वरालीच्या लग्नात बायकांचीही नावं घ्यायची. सांगा." श्रीनिवासनं आपल्या आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. पणजीचं त्याला येईना. शेकडो वेळा ऐकलं होतं, पण येईना. तीनशे माणसं बघत होती.

"राहू द्या, गुरुजी," तो म्हणाला.

पंगती बसल्या तसा तो लग्नाच्याच कपड्यांत दवाखान्यात पोचला. आशाबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्यांना बघताच त्याचा दोन दिवसांचा संताप उसळला. "फोन करू नका म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? तरी कालपासून नुसता सपाटा!"

आशाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

"गेल्या तर करू नका म्हणला व्हता तुम्ही," त्या म्हणाल्या. "गेल्या नव्हत्या म्हणून तर लावत व्हते, दादा."

श्रीनिवास भिंतीला टेकला.

"काल सांजच्याला डोळे उघडले त्यांनी. डाक्टरलाबी लई नवल वाटलं. बोलणं अडखळत व्हतं, पण समजत व्हतं. म्हणल्या, लग्नाला जाता येत नाय, तर श्रीनिवासला फोन लाव. नुस्ता खिशात चालू ठेव म्हणावं. मला मंगलाष्टकं ऐकू येतील. सिस्टरच्या पाया पडून आत बसले मी. फोन त्यांच्या कानाला धरला. रिंग वाजत ऱ्हायली नुस्ती."

"मग?"

"मंग गेल्या. गेल्यावर नाय लावला. तुम्ही सांगितलं व्हतं तसं."

तो आत गेला. आत्याचं तोंड किंचित उघडं होतं आणि उशीवर ती एका कुशीला कललेली होती, जिकडं फोन धरला होता तिकडं. श्रीनिवासनं तिच्या कानाशी तोंड नेलं. हमसाहमशी रडायला लागल्यावर सिस्टरनं त्याला बाहेर आणलं.

स्वरालीची पाठवणी झाल्यावर भाऊबंदकीला कळवायचं काम त्याच्यावर आलं. असे फोन कसे करायचे, हे त्याला माहीत नव्हतं. ते नेहमी आत्याच करायची. पैठणला थोरल्या काकांना त्यानं पहिला फोन लावला. काका हळहळले, आता आमचं कोण सांगणार म्हणाले, आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी," श्रीनिवास म्हणाला.

"अन् गेली कधी?"

"आज दुपारी."