जीपचा भाव

नव्या गाडीच्या सीटचा वास आला, की मला साठ सालच्या सुमाराचं धुळ्यातलं जीपचं दुकान आठवतं. धानोऱ्याहून आबा, आई आणि मी तिथे गेलो होतो. आदल्या वर्षी वहिनीला बैलगाडीतून नंदुरबारच्या दवाखान्यात नेताना तिचं बाळ वाटेतच गेलं होतं. आता ती पुन्हा गरोदर होती. "गरज दाखाडू नका," आबांनी आम्हाला बजावलं होतं.

दुकानदार कंपनीच्या भावावर हजार रुपये जास्त मागत होता. शेवटी आबा उठले. मीही उठले. वाटलं, तो आता थांबवील. तो शांतपणे पान लावत बसला.

बसून पाहायला म्हणून जीपमध्ये चढलेली आई मात्र उतरेना. सीट घट्ट धरून म्हणाली, "वाटमा मन्हा नातू गया, भाऊ. मी गाडी लिसनच जासू."

गाडी घेऊनच जाणार म्हटल्यावर आबांचा चेहरा पडला. दुकानदाराने पान खाली ठेवलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "पाचशे द्या वरचे."

परतताना आबा चिडून म्हणाले, "जराशी थांबतीस, तं तो कंपनीना भाववर येता."

"आनि नही येता तं?" आई म्हणाली.

तेव्हा मला आबांचंच पटलं होतं. आता आईचं पटतं. आबा मात्र त्या पाचशेंसाठी जन्मभर हळहळले, नातीला मांडीवर खेळवतानासुद्धा.