शे आणि शी

"शी? ही शी कोण?"

सरांनी मोठ्या पडद्यावरच्या माझ्या ओळीवर लाल ठिपका फिरवला. 'शी' म्हणताना नाक मुरडलं. लॅबमधली साठ पोरं-पोरी हसली.

नाशिकमधलं कॉलेज. डिप्लोमाचं पहिलं वर्ष. पायथनचं पहिलं प्रॅक्टिकल. समोरच्याला नाव विचारायचं आणि नमस्कार म्हणायचा, एवढाच प्रोग्राम. मी सटाण्याकडची. आमच्या घरात अहिराणी. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं होतं, 'तुनं नाव काय शे?' शे म्हणजे आहे. एस, एच, ई. इंग्रजीत वाचलं की शी. सरांनी सटाण्यात दोन वर्षं नोकरी केलेली. शे त्यांना चांगलं माहीत होतं.

"कुठल्या कॅटेगरीतून ॲडमिशन तुझी?"

साठ जणांसमोर सांगायला लावलं. मी सांगितलं.

"तरीच. सीट मिळाली म्हणून भाषा येत नाही. पूस ते. नीट लिही."

मी पुसलं. एकेक अक्षर. माझ्याच बोटानं.

त्या ओळीसाठी मी आठवडाभर जेवायची सुट्टी सोडली होती. तिघांत एक कॉम्प्युटर. बाकी दोघांकडे घरी लॅपटॉप, तरी कीबोर्ड त्यांच्याच पुढ्यात. मी मागून बघायची. सुट्टीत लॅब रिकामी झाली की बसायची. वरच्या चौकटीत लिहायचं, हिरवं बटण दाबायचं, खालच्या चौकटीत उत्तर. अवतरण चिन्ह राहिलं की लाल अक्षरं. कंस उघडा राहिला की लाल अक्षरं. पण ते ओरडत नव्हतं. चूक कितव्या ओळीत आहे ते सांगून गप्प बसायचं. असा मास्तर मला कधी मिळाला नव्हता. पहिल्यांदा प्रोग्राम चालला तेव्हा मी मायचं नाव टाकलं. खाली उमटलं. तिला वाचता येत नाही. तरी मला वाटलं, दाखवावं.

त्या दिवसापासून माझं नाव 'शी' पडलं. जिन्यात, कँटीनमध्ये. "शी आली रे."

मी बोली सोडली. सातपूरच्या खोलीत माझ्यासोबत अंबडच्या कंपनीत जाणाऱ्या तीन मुली राहायच्या. त्या बोलायच्या तसं शहरी बोलायला लागले. मायच्या फोनवरही. माय कांद्याच्या शेडमध्ये निवडायला जाते. एकदा म्हणाली, "बेटा, मनासंगे परकी का बरं बोलस?" मी म्हटलं, "असं काही नाही." तेही शहरीच.

थंडी पडली तशी माय गोधडी घेऊन आली. न सांगता. एसटीनं. विचारत विचारत थेट लॅबच्या दारात.

"बेटा, तू आठे शेस का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "शीची शी आली."

सर म्हणाले, "कोण आहेत या?"

मी उभी राहिले. सगळे बघत होते. माय हसून बघत होती.

"गावाकडच्या आहेत. ओळखीच्या."

मायनं ऐकलं. तिनं गोधडीची पिशवी दाराशी ठेवली. कांद्याची टरफलं चिकटलेला पदर सारखा केला. सरांना हात जोडले आणि गेली. मी तिच्या मागे गेले नाही. खाली बसले. सरांनी पुढचं शिकवलं, मी लिहून घेतलं.

महिनाभर तिचा फोन नाही. मीही केला नाही. मग एका संध्याकाळी आला.

"जेवण झालं का तुझं?"

मला आवाजच ओळखू येईना. एकेक शब्द चाचपत, अंधाऱ्या वाटेवर पाय टाकावा तसं.

"मी बरी आहे. तू बरी आहेस का?"

"माय, अशी का बोलतेस?"

"शिकते आहे मी. अंगणवाडीच्या बाईंकडून. परत आले तर तुला लाज नको."

मी फोन धरून रस्त्यावर बसले. कंपन्या सुटल्या होत्या, मोटारसायकली अगदी जवळून जात होत्या. रडू आलं, पण नुसतं रडू नव्हतं ते. दिवसभर कांदे निवडून बाई दमून येते, आणि पोटच्या पोरीशी बोलायला दुसऱ्यांचे शब्द पाठ करते. हे कुणी केलं? सरांनी केलं. साठ जणांनी केलं. मीही केलं.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रश्न आला. नाव विचारा, तीन विषयांचे गुण घ्या, सरासरी दाखवा. पडद्यावर दिसणारी प्रत्येक ओळ मी अहिराणीत लिहिली. प्रोग्राम चालला. सरासरी बरोबर आली.

सर मागे येऊन थांबले. "परत तेच? बदल."

"नाही बदलणार."

"मार्क जातील."

"कोणत्या ओळीत चूक आहे ते दाखवा सर. मग कापा."

लॅबमध्ये कुणी हसलं नाही. सर वाकले, एकदा सगळं वाचलं. चूक नव्हती. तरी मार्क कापले. अर्धे.

मायला मी सांगितलं, आपलंच बोल. रडून सांगितलं. ती "हो, बोलेन" म्हणते आणि परत "जेवण झालं का तुझं" असं विचारते. तिच्या तोंडून 'शे' हा शब्द गेला. निदान माझ्यापुरता गेला. हे भरून येणार नाही, आणि आलं असं मी खोटं सांगणारही नाही.

प्राचार्यांना अर्ज दिला आहे. कॅटेगरी विचारली ते लिहिलं, भाषेवरून मार्क कापले ते लिहिलं. आणि मी माझ्या आईला ओळखीची बाई म्हटलं, तेही लिहिलं. क्लार्क म्हणाला, "हे शेवटचं कशाला? काढून टाक." मी काढलं नाही. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. सोमवारपासून मी प्राचार्यांच्या केबिनच्या दारात बसणार आहे. लेखी उत्तर हातात पडेपर्यंत उठणार नाही.