बाला कावडीसारखं तोललं तेव्हा

माझ्या बाला, माझ्या बापाला, आम्हीच पाडलं.

म्हणजे, असं आता वाटतंय. आठवडा झाला, डोकं नुसतं भणभणतंय.

तो गेला ती तारीख कोणी लिहून ठेवली नाही. म्हणून आज सर्वपित्रीला ही पोस्ट.

बा साखरशेतचा. जव्हारच्या बाजारातून मोखाड्याच्या दुकानांत कावडीने मीठ, गूळ, रॉकेल न्यायचा. संस्थान विलीन झालं तेव्हा मी रांगत होते. पुढे मोटारी आल्या, तरी आतल्या पाड्यांना कावडच लागायची.

मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी त्याच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात, डावा पाय लुळा. आता आपण स्ट्रोक म्हणतो.

पण नवल पुढेच.

बाजेवर बसवलं की तो डावीकडे कलायचा. नुसता कलायचा नाही, चांगल्या उजव्या हाताने बाज रेटून स्वतःला डावीकडे ढकलायचा! आम्ही सरळ करायला गेलो की ओरडायचा,

"नको गो, मना पाडतीस!"

अहो, पडत होता तो स्वतः. आणि आळ आमच्यावर.

आईला एकच उपाय ठाऊक. कावड एका बाजूला झुकली की दुसऱ्या टोपलीत दगड टाकायचा. तिने नदीतला गोटा फडक्यात बांधला आणि त्याच्या उजव्या खांद्याला लटकवला.

"आता तोल धरील," म्हणाली.

तो आणखी जोराने रेटायला लागला.

मला राग यायचा. वाटायचं, मुद्दाम करतो. माझी शाळा बुडालेली, मी दिवसभर त्याला धरून बसलेली.

एका दुपारी मी खच्चून ओरडले, "बा, सरळ बस ना! लाज नाय वाटत?" आणि दोन्ही हातांनी त्याला उजवीकडे ओढलं.

त्याने होती नव्हती ती ताकद लावून उलटं रेटलं. माझे हात सुटले. तो बाजेवरून खाली आला, मांडीचं हाड मोडलं.

आठ दिवसांत गेला.

आई मरेपर्यंत म्हणायची, "दगड जरा मोठा पायजे होता." मीही मान डोलवायचे.

मागच्या आठवड्यात फिजिओथेरपी शिकणाऱ्या नातीला हे सहज सांगितलं.

ती म्हणाली, "आजी, काही पेशंटना असं होतं. सरळ म्हणजे काय, हेच मेंदूत बदलतं. कललेले असतात तेव्हा त्यांना सरळ वाटतं. आपण सरळ केलं की खरंच पडतोय असं वाटतं. त्यांना ढकलायचं नाही. दाराची सरळ उभी चौकट दाखवायची, डोळ्यांना सरळ काय ते दिसतं, मग हळूहळू ते आपणहून येतात."

चौकट? आमचं कुडाचं घर. त्यात सरळ असं काहीच नव्हतं.

काल मी खुर्चीत डावीकडे कलून बसून पाहिलं. डोळे मिटूनही पाहिलं. काही कळलं नाही. आपण नीट बसलोय आणि घरातलीच माणसं आपल्याला पाडतायत, हे कसं वाटत असेल?

तो हट्टी नव्हता. घाबरला होता. रोज. आणि घाबरवणारे आम्हीच.

बरं झालं हे ऐकायला आई नाही, असं वाटतं. मग तसं वाटल्याचीही लाज वाटते.

बा, तू पडतोय म्हणत होतास, ते खरंच म्हणत होतास. तुझ्या लेकीला आज पटलं.

आता तुला कोणी हात लावणार नाही. तुला बरं वाटेल तसा बस.

तुझ्या पाया पडते, बा.